आलुबोंडा बंद झाल्यावर

पैज लागली महादेवरावांच्या ओट्यावर, अन् ते बी आलुबोंड्यावरून. महादेवराव म्हणजे आमच्या गल्लीतलं वजनदार माणूस. विजेच्या बोर्डातून रिटायर, गणेश मंडळाचे अध्यक्ष, अन् नाकाखाली खार झोपल्यावानी मिशी. मिशी मलेबी आहे, पण माही काळी, कारण मी तिले रंग लावतो. त्याईची पांढरी, कारण त्याईले इज्जत आहे. गणपती बसून दोन-तीन दिवस झाले होते. समोर चौकात मीच बांधलेली कमान लाल-हिरव्या लाइटानं लुकलुक करून राह्यली होती, अन् ओट्यावर आमी चार रिकामे लोक मच्छर मारत बसलो होतो.

"काहो खुशालराव," महादेवराव मले म्हणे, "रविवारी शांतता समितीची मीटिंग आहे म्हणते."

"मीटिंग असन. आलुबोंडा कुठी आहे? समितीले पैसा देणाऱ्या फॉरेनच्या सरकारनं हात आखडला नं बाप्पा. आलुबोंडा बंद, शांतता बंद."

"लोकं येतेन."

"एक नाई येत. मुंगी नाई येत. मुंगी बी चटणीपायी येत होती."

ओटा हसला. हसला की मले चढते, हे माहं जुनं दुखणं. "लावा पैज," म्हणलं मी. "एक जरी माणूस आला तं माही आर्धी मिशी. भर चौकात, आरती झाल्यावर, माइकवर नाव पुकारून, इस्माईलभाईच्या वस्तऱ्यानं. अन् कोणी नाई आलं तं तुमची आर्धी." महादेवरावांनी आपल्या खारीवर हात फिरवला, जसं काही तिले विचारूनच घेतलं, अन् म्हणे, "लावली. मीटिंगवाली तायडे मॅडम धरायची नाई, ते तं अकोल्याहून येईनच. अन् मी बी जाणार नाई, नाईतर तुमी म्हणसान म्हाताऱ्यानं सोताच जाऊन मिशी वाचोली." इतकं सरळ माणूस. मले धरायचं का नाही, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माह्या बी नाही.

माहं दुकान बिछायतीचं. खुर्च्या, गाद्या, सतरंज्या, माइक, मंडप, कमानी. चौकाच्या अलीकडं आमची गल्ली, पलीकडं इस्माईलभाईची, अन् लग्न असो का मयत, गणपती असो का ईद, बुडाखाली खुर्ची माहीच. ज्या वर्षी चौकात जाळपोळ झाली अन् संचारबंदी लागली, त्या वर्षी दोन्हीकडून फेकल्या त्या बी माह्याच खुर्च्या, अन् जळल्या त्या बी माह्याच. प्लास्टिक जळल्याचा थो वास असा काही नाकात बसला की आजबी कुठं शेगडीवर प्लास्टिकची पन्नी पडली तं माहे कान गरम होते. खुर्च्या कोण्या बाजूच्या लोकाईनं जाळल्या, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तं धंदा एकाच बाजूचा राह्यला असता. त्याच्यानंतर अकोल्याची एक संस्था आली, तिच्यासंगं प्रियदर्शनी तायडे मॅडम आल्या, अन् त्याईच्या मागं समुद्रापलीकडच्या एका सरकारचा पैसा आला. त्या सरकारचं कामच ते म्हणे. जगात जिथं लोकं एकमेकाच्या जिवावर उठते तिथं पैसा पाठवाचा, म्हणजे लोकाईनं एका जागी बसावं, बोलावं, समिती करावी. आमच्या गल्लीत आधी कुजबुज झाली, की फॉरेनचा पैसा आहे, काही डाव असन, धर्म बदलवतेन, नाहीतर किडनी काढतेन. मग पहिल्या मीटिंगले आलुबोंडा आला, तो बी गरम, अन् कुजबुज चटणीत बुडाली.

एकदा त्या सरकारची एक गोरी बाई सोता आली होती. मी तिले सांगतलं की आमच्या इकडं पाहुण्याचा कान धरून नमस्कार करते. बिचारीनं साऱ्या हॉलमंधी फिरून लोकाईचे कान धरले, महादेवरावाईचे बी. तायडे मॅडम मागून धावत आल्या तवा लोक जमिनीवर लोळून हसून राह्यले होते, अन् ती बाई बी हसत होती, समजून का न समजून, काय माहीत. मग तिनं भिंतीवर नकाशा दाखवला. जिथं जिथं त्याईचा पैसा जाते तिथं लाल टिपका. आफ्रिकेत टिपके, ब्रह्मदेशात टिपके, जळालेली गावं, बंदुका, तंबू, अन् एक बारीक टिपका आपला. मी टाळी वाजवली. "वा मॅडम! अमरावती जगाच्या नकाशावर आली!" पुन्हा हसे. पण हसता हसता मले एक आठवलं. माह्या लग्नात माही दाढी इस्माईलभाईच्या बापानं केली होती, मांडवातच, हळद लागायच्या आधी. त्याच इस्माईलभाईसंगं आता चहा प्यायले मले समुद्रापलीकडून पैसा याव लागते, त्या तंबूवाल्या लोकाईच्या रांगेत बसून. थो टिपका मले कपाळावर गोंदल्यावानी वाटला. मी मान खाली घातली अन् दुसरा आलुबोंडा घेतला.

त्याच दिवशी तिनं एक खेळ घेतला. एकाचे डोळे बांधाचे, दुसऱ्यानं त्याले हात धरून हॉलभर फिरवाचं. माही जोडी इस्माईलभाईसंगं. आधी त्याचे डोळे बांधले. मी त्याले तीन चकरा मारवल्या, दारातून बाहेर नेलं, "आता बसा, खुर्ची आहे" म्हणलं अन् पाण्याच्या टबात बसवलं. लोकं पोट धरून हसले. थो बी हसला, ओल्या पायजम्यानं उभा राहून. मग माहे डोळे बांधले. मी मनात म्हणलं, आता हा आपल्याले नालीत टाकते. थो मले हळूहळू घेऊन गेला. "पाँव उठा. सीढ़ी है. अब धूप आएगी मुँह पे, डर मत." अन् खरंच तोंडावर ऊन आलं. त्यानं मले सारा हॉल फिरवून परत माह्याच जागेवर आणून बसवलं, इतकं सांभाळून की मले राग आला. माह्यासारखा हाती आल्यावर कोणी डाव सोडते का?

त्या संस्थेनं लय काही शिकवलं. चार्ट लावले, रंगीत चिठ्ठ्या भिंतीले चिकटवल्या, "तुम्हाला काय वाटलं" असं विचारून विचारून जीव घेतला. त्यातलं मी सगळं इसरलो. एकच गोष्ट टिकली, फोनची. उडती बातमी आली, की कोणी झेंडा फाडला, कोणी दगड मारला, कोणी पोरगी नेली, की मी इस्माईलभाईले लावाचा नाहीतर त्यानं मले लावाचा. खोटं आहे असं त्यानं म्हणलं की मी आमच्या गल्लीत सांगणार अन् गल्ली मानणार. मी म्हणलं की थो त्याच्या गल्लीत सांगणार अन् ते मानणार. बस, इतकंच. आमच्याकडून मलेच काहून निवडलं, असं मी एकदा तायडे मॅडमले विचारलं. ते म्हणे, "काका, खोटं कसं बनते ते तुमाले आतून माहीत आहे. तुमी नुसत्या वासावरून ओळखता." मी असा फुगलो की आठ दिवस कोणाची गंमत केली नाही. अन् वासाचं खरंच होतं. मोबाइलवर कोण्या गावचा जुना व्हिडिओ आपल्या चौकाचा म्हणून फिरून राह्यला, तं मी नुसता विजेचा खांब पाहून सांगाचो, बाप्पा, असे खांब वऱ्हाडात नाहीत.

यंदा ईदचा जुलूस शुक्रवारी अन् विसर्जन लगेच शनिवारी. जुलुसातले झेंडे उंच, अन् चौकातली आमची कमान ठेंगणी. सण असे जवळ आले की हे मीटिंगमंधी ठरते: एक दिवस कमान उचलाची, त्याईनं गणपतीसमोर वाजंत्री बंद ठेवाची, सगळ्याईनं मान हलवाची, आलुबोंडा खावाचा. एकट्यानं जाऊन कमान उचलली तं त्याच कामाचं भांडण होते. कोणाले विचारून उचलली, कोणाले भेला, असं. म्हणून रविवारची मीटिंग. हे सगळं मले माहीत होतं. ओट्यावर पैज लावली तवा बी माहीत होतं, अन् दुसऱ्या दिवशी दुकानात सतरंज्या झटकता झटकता हात फोनकडं गेला तवा बी. ही खाज असते. तळहातापासून सुरू होते. सारं जग सरळ चालून राह्यलं आहे अन् आपल्याजवळ एक बारीक टाचणी आहे, असं वाटते.

"इस्माईलभाई, रविवारची मीटिंग कॅन्सल. मॅडमचं येणं होत नाई. तुमच्यावाल्याईले सांगून देजा."

"अच्छा? और कमान?"

"पाहू नं नंतर."

तिकडून कैचीचा कचकच आवाज आला, मग थांबला. "ठीक है. तू बोल रहा तो ठीक है."

आमच्या गल्लीत बी मी तेच सांगतलं, महादेवराव सोडून. फोन ठेवला अन् एकटाच हसलो. हसू संपल्यावर दुकानात सतरंजीच्या धुळीचा वास राह्यला, अन् "तू बोल रहा तो ठीक है" हे राह्यलं. मी पंखा वाढवला.

रविवारी पुरावा म्हणून रिकाम्या हॉलचा फोटो काढू, म्हणून जिथं मीटिंग होते त्या शाळेकडं गेलो. दारातून डोकावलो. तायडे मॅडम एकट्याच होत्या. खुर्च्या नव्हत्या, कारण खुर्चीचा पैसा बी बंद. त्याईनं घरून आणलेली सतरंजी टाकली होती, एका कोपऱ्याले फाटलेली, अन् तिच्यावर कागदाच्या प्लेटा गोल मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येक प्लेटीत मुरमुऱ्याचा चिवडा. अकोल्याहून रेल्वेत डबा मांडीवर धरून आणला असन, कारण साडीवर तेलाचा गोल डाग होता. आलुबोंडा नाही तं नाही, पाहुण्याले कोरडं कसं बसवाचं, हे त्या डागात असं स्पष्ट दिसत होतं की माह्या हातातला फोन खाली गेला. त्याईनं वर पाह्यलं. चेहरा एकदम उजळला.

"या काका! मले वाटलंच होतं, कोणी नाई आलं तरी तुमी येसान."

मी आत गेलो. बसलो. दुसरं काय करणार होतो? प्लेट हातात घेतली. रिकाम्या हॉलमंधी चिवडा खाल्ल्याचा आवाज किती मोठा येते हे मले माहीत नव्हतं. एकेक मुरमुरा फुटला की भिंतीवर जाऊन परत येत होता. मी तोंडात घोळवून घोळवून मऊ करून गिळत राह्यलो, चोरानं पाऊल टाकावं तसं. मॅडम दाराकडं पाहत होत्या. बाहेर चप्पल वाजली की मान वर, मग खाली. "इस्माईलभाई फोन उचलून नाई राह्यले," ते म्हणे. "दुकानात गर्दी असन, सणाची." मग थोड्या वेळानं, माह्याकडं न पाहता: "काका, खरं सांगू? मले वाटलं होतं आपण पैशाच्या पुढं आलो. तिकडचे लोक मले विचारत, आमी गेलो तं हे टिकन का. मी म्हणत होती, टिकन." आता सांगाव, असं मले वाटलं. जीभ उचलली बी. अन् जिभेनं आपली जुनी वाट धरली: "मॅडम, आज तं सगळ्यात यशस्वी मीटिंग आहे. भांडाले कोणीच नाई." त्या हसल्या. खरंच हसल्या, कौतुकानं, डोळ्याच्या कडा पुसत. ते हसणं मले आजपर्यंत भेटलेल्या सगळ्या हसण्याईपेक्षा जड गेलं. उरलेला चिवडा त्याईनं माह्याच पिशवीत भरून देला. जाता जाता म्हणे, "मंगळवारी ऑफिस खाली करायचं आहे, काका. टेम्पो भेटन का?"

ओट्यावर मी पैज जिंकली होती. "बुधवारी आरती झाल्यावर," इतकंच महादेवराव म्हणे, अन् मिशीवरून उलटा हात फिरवला. ललितानं, माह्या बायकोनं, पिशवीतला चिवडा ताटात वाढला. मी म्हणलं, नको. "काहून? मस्त झाला आहे. कोणं देला?" मी म्हणलं, पोट बरं नाई. पोटाचं नाव घेतलं की बाया पुढं विचारत नाही.

मंगळवारी टेम्पो घेऊन अकोल्याले गेलो. मूर्तिजापूरच्या पुढं दोन्हीकडं कपाशी अन् सोयाबीन, डोळे दुखतीन इतकं हिरवं, अन् मी मनातल्या मनात एक भाषण जुळवत होतो. बोरगाव मंजूपर्यंत ते माफीचं होतं. अकोल्यात शिरेपर्यंत त्यात दोन चुटके घुसले होते. ऑफिस म्हणजे वरच्या माळ्यावरच्या दोन खोल्या. भिंतीवर जिथं त्या सरकारची पाटी होती तिथं रंग कोरा राह्यला होता, फिक्कट चौकोन, जुना फोटो उतरवल्यावर राहते तसा. रंगीत चिठ्ठ्याईच्या गोंदाचे ठिपके साऱ्या भिंतीभर होते. मी टेबल उचललं, कपाट उचललं, चार्टाच्या गुंडाळ्या खाली नेल्या; सामान सध्या माह्याच गोदामात राहणार होतं. एका गुंडाळीवर माहंच अक्षर दिसलं, 'विश्वास म्हणजे काय' याच्याखाली मी लिहिलं होतं: 'उधारी'. तवा लय टाळ्या भेटल्या होत्या.

मॅडमनं चहा मागवला. खुर्च्या टेम्पोत गेल्या होत्या, मग आमी जिन्याच्या पायरीवर बसलो. "तिकडून शेवटचा एक प्रश्न आला होता," ते म्हणे. "इतके वर्षं पैसा देला, तं तो गेल्यावर मागं काय उरन? सगळ्या देशातल्या संस्थांले हाच प्रश्न. कोणी शाळा सांगतली असन, कोणी विहीर. माह्याजवळ दाखवाले काहीच नव्हतं. मी सांगतलं, दोन माणसाईचा फोन. एक बिछायतवाला अन् एक न्हावी. हे उरन." मी कप पायरीवर ठेवला. "पण काका, इस्माईलभाईनं मले काल फोन केला. रडल्यावानी झाले होते. म्हणे, मॅडम, मेरे से गलती हुई, मैंने ही सबको बोल दिया मीटिंग नहीं है, उमर हो गई, भूल गया. मीटिंग होती हे कळल्यापासून त्याईच्या गल्लीत त्याईचं कोणी ऐकून नाई राह्यलं. अन् आता तथी हवा उठली आहे की यंदा मंडळवाले कमान मुद्दाम उचलत नाई म्हणते, जुलूस अडवणार आहे. इस्माईलभाई म्हणे, झूठ है. तं लोकं म्हणे, तू चूप बैठ, तेरा फोन देख लिया."

परत येताना ऊन पाठीमागं होतं, तरी माहं तोंड भाजल्यावानी झालं होतं. भूल गया म्हणे. ज्या माणसाले गल्लीतल्या प्रत्येक डोक्याचा भवरा कुठं आहे ते पाठ आहे, थो भूल गया. मले सारखं वाटत राह्यलं की टेम्पोत मागं काहीतरी जळून राह्यलं आहे. थांबून पाह्यलं, तं काही नाही. टेबल, कपाट, चार्ट. वास माह्याच नाकातला होता.

टेम्पो तसाच चौकात लावून इस्माईलभाईच्या दुकानात शिरलो. दुकान खाली. सणाच्या आठवड्यात, संध्याकाळी, खाली. थो आरशाकडं पाठ करून कैचीले तेल देत बसला होता. मी खुर्चीत बसलो. त्यानं न विचारता पांढरा कपडा माह्या गळ्याभोवती बांधला. जुनी सवय.

"माहं नाव काहून नाई घेतलं?" मी आरशातल्या इस्माईलभाईले विचारलं.

"क्या बोलता? कि खुशाल ने मज़ाक किया? ईद सर पे है, गणपती बैठे हैं, और तुम्हारी गल्ली ने मज़ाक में हमारी मीटिंग तोड़ी. कौन मानता मज़ाक है?" त्यानं कैची दोनदा हवेत चालवून पाह्यली. "मेरी गलती है बोला, तो एक बुड्ढा बेवकूफ निकला. तेरी बोलता तो साज़िश निकलती. बेवकूफी से दंगा नै होता."

"मी सांगतो नं. मी सोता सांगतो."

"तू?" आरशात थो पहिल्यांदा माह्याकडं पाहून हसला, अन् त्या हसण्यात काहीच नव्हतं, ना राग ना गंमत. "तेरा कौन मानेगा? तू बोलेगा तो लोग हँसेंगे." त्यानं कपडा सोडला. "जा. आज नै करता मैं तेरी."

बुधवारी आरती झाली. कमानीखाली दोन्ही गल्ल्या गोळा झाल्या, कारण महादेवरावाईची मिशी उतरणार हे पलीकडंबी गेलं होतं. पण पलीकडचे पलीकडंच उभे होते, नालीच्या त्या बाजूले, हाताची घडी घालून, अन् सारखे वर कमानीकडं पाहत होते. इस्माईलभाईची फिरती खुर्ची दोघाजणाईनं उचलून चौकात आणली. महादेवराव धुतलेला सदरा घालून, खांद्यावर टॉवेल टाकून आले, जसं काही सत्कारालेच आले. ते बसाच्या आधी मी माइक धरला. माइक माहाच.

"थांबा. पैज मी हारलो. रविवारी एक माणूस आला होता. मी. आत बसून चिवडा खाल्ला, तायडे मॅडमले विचारा. मले धरायचं नाई असं कोणीच म्हणलं नव्हतं." असा हशा उसळला की कमानीवरचे लाइट हलले. "पाहा, सोतालेच फसोलं यानं!" कोणीतरी ओरडलं. महादेवराव टॉवेल हातात घेऊन तसेच उभे. मी खुर्चीत बसलो. इस्माईलभाईनं साबण लावला. "आँख बंद कर. हिल मत," म्हणे. मी डोळे मिटले. ओठाच्या डाव्या बाजूले वस्तरा टेकला, थंड, अन् माहं जितकं शरीर होतं तितकं सगळं त्या पात्याखाली गोळा झालं. पाँव उठा, सीढ़ी है. केस खरखर उतरत गेले. हसण्याचा आवाज चारी बाजूनं येत होता अन् पहिल्यांदा त्यात माहा आवाज नव्हता, कारण ओठ हलवाची सोय नव्हती.

त्यानं पातं उचललं तसा मी माइक तोंडाजवळ घेतला. "आणखी एक. मीटिंग नाई म्हणून फोन मी केला होता. इस्माईलभाई भुलले नाई. त्याईले मी फसोलं. पैजेपायी." आमची गल्ली पुन्हा फुटली. "आगे बढ़ो खुशालराव!" "अबे, आता याचं काय घेता!" आर्ध्या मिशीनं माणूस जे बोलते ते सगळं गंमतच असते. समोर ओट्यावर ललिता हसत होती, मग तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् पदर तोंडावर नेला. मी आणखी जोरात म्हणलं, खरं आहे, खरं सांगून राह्यलो. आणखी जोरात हसे.

तवा इस्माईलभाईनं खुर्चीच्या पाठीले हात लावला अन् मले सगळाच्या सगळा गर्रकन फिरवला, पलीकडच्या गल्लीकडं तोंड करून. माह्या कानाशी म्हणे, "इधर बोल. उधर तो सब तेरे घर के हैं."

इकडं कोणी हसत नव्हतं. मी तेच पुन्हा म्हणलं, हिंदीत. माइकमंधून माहा आवाज भिंतीवर आपटून परत आला, चिवड्यासारखा. मागचं हसणं एकेक करत विझलं, महादेवरावाईनं हात वर केला असन. नालीपलीकडून एक दाढीवाला म्हातारा पुढं आला. "और ये कमान? बोलते हैं नै हटेगी."

"हटेगी. मैंने ही बांधी है. अध्यक्ष इथंच उभे आहे, विचारा."

"तेरी बात कायको मानें?"

इस्माईलभाईनं पुन्हा वस्तरा टेकवला होता, ओठाच्या मधोमध, जिथं आर्धं संपते ती रेघ सरळ कराले. मी त्या म्हाताऱ्याकडं पाह्यलं.

"मेरी मत मानो," म्हणलं. "इसकी मानो." अन् एका हातात माइक, दुसरा कपड्याखाली गुंतलेला, म्हणून हनुवटीनं इस्माईलभाई दाखवला.

पातं लागलं. गरम धार ओठावरून तोंडात उतरली, खारट.

"बोला था ना, हिल मत," इस्माईलभाई म्हणे, अन् सगळ्याईसमोर माहं डोकं आपल्या पोटाशी घट्ट दाबून धरत त्यानं तुरटीचा खडा जखमेवर फिरवला. झोंबलं. मी हललो नाही.